नकुलमातेचे आश्वासन

(संयुक्त अरब अमिरातीतील बौद्ध कुटुंबांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस त्रिवार वंदन करून आम्ही आजच्या विषयास प्रारंभ करतो. संयोजकांनी आम्हाला हृदयविकाराची कारणे आणि प्रतिबंध या विषयावर बोलण्याची सूचना केली होती. त्यांची क्षमा मागून आम्ही विषय थोडा पुढे नेत आहोत. झटका येऊन गेला, शस्त्रक्रिया झाली आणि रुग्ण घरी परतला, त्यानंतर त्या घराने काय करावे, याविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. इस्पितळाचे काम आठ-दहा दिवसांत संपते. घराचे काम त्यानंतर सुरू होते आणि त्या कामाचे शिक्षण कोणी देत नाही. आम्हालाही, वैद्यकीय पदवी हाती असूनही, ते कोणी दिले नव्हते.

प्रथम अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका घरात जाऊ या. अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात नकुलपिता आणि नकुलमाता या दांपत्याची कथा आहे. भग्गांच्या देशात, सुंसुमारगिरी येथील भेसकळावनात तथागतांचा मुक्काम होता. त्याच सुमारास नकुलपिता गंभीर आजारी पडला. दुखणे इतके वाढले की, तो वाचेल अशी आशा उरली नाही. तेव्हा नकुलमाता त्याच्या शेजारी बसली. ती रडली नाही, किंवा तू बरा होशील अशी पोकळ ग्वाहीही तिने दिली नाही. चिंता मनात घेऊन मरणे दुःखाचे आहे, असे ती म्हणाली आणि त्याच्या मनातील एकेक चिंता स्वतःच्या तोंडाने उच्चारून तिला उत्तर दिले. तिने बोलून दाखविलेली पहिली चिंता कोणती होती? माझ्यामागे ही मुलांचे पोषण करू शकेल काय, संसार सांभाळू शकेल काय? तिचे उत्तर होते की, आपल्याला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, त्यावर मुले जगतील आणि घर चालेल. अशी सहा आश्वासने तिने दिली. कथा सांगते की, ती ऐकता ऐकता नकुलपित्याचे दुखणे ओसरले. पुढे काठीच्या आधाराने तो भगवंतांच्या दर्शनास गेला, तेव्हा अशी हितचिंतक पत्नी लाभली हे तुझे मोठे भाग्य आहे, असे भगवंत त्याला म्हणाले.

शब्दांनी शरीराचा रोग बरा होतो असा दावा डॉक्टर म्हणून आम्ही करणार नाही. परंतु भीती हा आजाराचाच एक भाग आहे आणि त्या भागावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही, हे आम्ही स्वतःच्या घरात शिकलो. ती हकीकत आता सांगतो.

ऑक्टोबर २०११ मधील गुरुवारची रात्र होती. त्या काळी येथे शुक्रवार-शनिवार सुटी असे, त्यामुळे जेवणे उशिरा झाली होती. आमचे पती तेव्हा ४६ वर्षांचे होते, मधुमेह सहा वर्षांपासूनचा. रात्री अकराच्या सुमारास छातीत जड वाटू लागले, घाम आला, जबडा दुखू लागला. ते म्हणाले, रस्सा तिखट होता, गॅस झाला असेल. आम्ही व्यवसायाने डॉक्टर. दुसऱ्या कोणाच्या पतीला ही लक्षणे असती, तर आम्ही दहा मिनिटेही थांबू दिले नसते. परंतु त्या रात्री आम्ही डॉक्टर नव्हतो, पत्नी होतो, आणि गॅस असावा असेच आम्हालाही वाटायला हवे होते. सोड्याचे पाणी दिले, पाठ चोळली, पायऱ्या उतरून मोकळ्या हवेत फिरवूनही आणले. ते फिरवणे तर निव्वळ घातक होते. अडीच तास असे गेले. मग ९९८ क्रमांक फिरवला.

ही चूक आम्ही आपल्यासमोर मुद्दाम मांडतो आहोत. छातीवर दाब, घाम, डावा हात वा जबडा दुखणे, धाप लागणे, यांपैकी काही पंधरा मिनिटे टिकले, तर ते हृदयाचे आहे असे समजूनच पावले उचलावीत. मधुमेही व्यक्तीस आणि स्त्रियांना कधी छातीत न दुखता केवळ धाप, मळमळ वा विलक्षण थकवा एवढेच जाणवते. रुग्णाला चालवू नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये, रुग्णवाहिका बोलवावी. बंद झालेली रक्तवाहिनी जितकी उशिरा उघडेल, तितका हृदयाचा स्नायू कायमचा मरतो. गॅस निघाला तर लाज वाटण्याचे कारण नाही, ती आनंदाचीच बातमी होय.

आमच्या दैवाने नव्हे, तर इस्पितळातील तत्परतेने पती वाचले. तपासणीत तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या बाधित निघाल्या आणि सहाव्या दिवशी बायपास झाली. आमची कन्या तेव्हा दहावीत, मुलगा पाचवीत होता. हे वय योगायोगाचे नाही. ५२ देशांतील रुग्णांचा अभ्यास करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' संशोधनात असे दिसून आले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, तर इतर प्रदेशांत साधारण ५९व्या वर्षी. ही पाच-सहा वर्षे आकड्यात लहान दिसतात. संसारात त्यांचा अर्थ असा की, आपल्या लोकांना हा आजार गाठतो तेव्हा मुले अजून शाळेत असतात, गावाकडील आई-वडील हयात असतात, धाकट्या भावंडांची लग्ने व्हावयाची असतात. आपल्यापैकी अनेक घरांत तर शिकून परदेशी आलेली ही पहिलीच पिढी. एका पगारावर दोन देशांतील दोन-तीन चुली पेटतात. त्या माणसाचे हृदय थकते, तेव्हा या सर्व चुलींची धास्ती त्याच्या उशाशी येऊन बसते.

दहाव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणले आणि सेवेत कोणतीही कसूर ठेवली नाही. तासातासाला नाडी, सकाळ-संध्याकाळ रक्तदाब, ताटात मोजून मीठ. रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना, हे पाहत असू. मुलांना ताकीद होती की, आवाज करावयाचा नाही, बाबांना त्रास द्यावयाचा नाही. मुलाने मित्रांना घरी बोलावणे बंद केले. गावी सासूबाईंना तर केवळ ताप आहे असेच कळविले होते. आमच्या मते आम्ही त्यांना जपत होतो. प्रत्यक्षात, तुम्ही आता या घराचे कर्ते राहिला नाहीत, एक नाजूक वस्तू झाला आहात, हेच त्यांना दिवसातून शंभर वेळा सांगत होतो.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना मुलीच्या दप्तरात शाळेचे पत्र सापडले. फी भरण्याची मुदत उलटून बारा दिवस झाले होते. बाबांना काळजी वाटेल म्हणून तिने ते कोणालाच दाखविले नव्हते, आम्हालाही नाही. त्या रात्री ते प्रथमच रडले आणि त्यांनी विचारले, "माझे काही बरेवाईट झाले, तर तुम्ही काय करणार?"

आम्ही कोणते उत्तर दिले? जे प्रत्येक घरात दिले जाते तेच. असे अभद्र बोलू नका. उपासकहो, नकुलमातेने हे उत्तर दिले नव्हते. आम्ही त्रिरत्न वंदनेची पुस्तके जपून ठेवणारे लोक, पण प्रसंगी अभद्र या शब्दामागे लपलो. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हणजे डोळे मिटून पडून राहिले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सर्व कागद बाहेर काढले आणि चौघे मिळून जमिनीवर बसलो. घरभाड्याचे पुढील तारखांचे दोन चेक त्यांच्या सहीने दिलेले होते आणि त्या काळी न वटलेला चेक थेट फौजदारी प्रकरण ठरत असे. नागपूरच्या सदनिकेचे कर्ज होते. मुलांचा व्हिसा त्यांच्या नोकरीवर होता. बँकेचे मुख्य खाते त्यांच्या एकट्याच्या नावाने होते आणि त्यातून पैसे काढण्याची पद्धतही आम्हाला ठाऊक नव्हती. आजारपणाची रजा किती, हे आम्हा दोघांनाही नीट माहीत नव्हते. मुलीच्या वहीच्या मधल्या दोन पानांवर तिनेच सर्व आकडे मांडले. एका बाजूस आमचा एकटीचा पगार, दुसऱ्या बाजूस खर्च. पहिल्यांदा हिशेब तुटला. मग शारजाहून अजमानला एका खोलीच्या घरात जायचे, गाडी विकायची, गावाकडची रक्कम निम्मी करायची, असे धरल्यावर तो जुळला. मुलांची शाळा सुटत नव्हती. पतींनी ती वही हातात घेऊन दोनदा वाचली, बेरीज तपासली, एका ठिकाणी चूकही काढली. त्या दुपारी ते तीन तास गाढ झोपले.

ते पान हाच आमचा कापूस आणि हीच आमची लोकर. यातील एकाही गोष्टीची पुढे गरज पडली नाही. ते बरे झाले, अकराव्या आठवड्यात कामावर रुजू झाले. परंतु गरज पडली तर काय होईल, हे त्यांना एकदा स्पष्ट दिसले आणि त्या दिवसापासून त्यांचे चालणे, जेवणे, झोपणे बदलले. त्याच संध्याकाळी आम्ही सासूबाईंना खरे सांगितले. त्या म्हणाल्या, मला पहिल्याच दिवशी कळले होते, तू सांगण्याची वाट पाहत होते.

या अनुभवावरून प्रत्येक घराने काय जाणून असावे, ते थोडक्यात सांगतो. येथील कामगार कायद्याप्रमाणे परीविक्षा काळ संपल्यानंतर वर्षाला ९० दिवसांची आजारपणाची रजा असते. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढील ३० दिवस अर्धा पगार आणि उरलेले ४५ दिवस विनापगार. १९८० च्या कायद्यात हेच होते आणि २०२१ च्या नव्या कायद्यातही हेच आहे. बायपासनंतर कामावर परतण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणजे सोळाव्या दिवसापासून मिळकत निम्मी होणार हे गृहीत धरूनच घराने तयारी ठेवावी. आरोग्य विमा अबुधाबी आणि दुबईत पूर्वीपासून सक्तीचा आहे. उत्तरेकडील अमिरातींत खाजगी कर्मचाऱ्यांसाठी तो १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचा झाला. कार्ड खिशात आहे म्हणून निश्चिंत न राहता त्याची मर्यादा काय, कोणती इस्पितळे त्यात येतात, हे निरोगी असतानाच वाचून ठेवावे. खातेदाराच्या मृत्यूनंतर बँक खाते गोठविले जाते, म्हणून पत्नीच्या स्वतःच्या नावे निदान तीन-चार महिन्यांच्या खर्चाची शिल्लक असावी. मुस्लिमेतर रहिवाशांसाठी वारसा व कुटुंबविषयक स्वतंत्र संघराज्य कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला आहे. मृत्युपत्र आणि अज्ञान मुलांचे पालकत्व यांची नोंद करून ठेवणे हे अभद्र नव्हे, ते पालकाचे कर्तव्य आहे. सिगालोवाद सुत्तात पतीच्या कर्तव्यांमध्ये घरातील अधिकार पत्नीच्या स्वाधीन करणे हेही सांगितले आहे. अधिकार म्हणजे केवळ स्वयंपाकघराच्या किल्ल्या नव्हेत.

आता शरीराविषयी. बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापून तारेने पुन्हा जोडतात. ते सांधण्यास सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण बळकट होण्यास सुमारे तीन महिने लागतात. या काळात चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये. म्हणजे भाजीची भरलेली पिशवी नाही, पाण्याची मोठी बाटली नाही आणि धावत येणारे मूलही कडेवर नाही. मूल मांडीवर बसविता येते, हे मुलांना आवर्जून सांगावे. खोकताना वा शिंकताना छातीशी उशी घट्ट धरावी. पायातील शीर काढली असल्यास त्या पायावर सूज येते, बसताना पाय उंच ठेवावा. वाहन चालविणे चार ते सहा आठवडे बंद. ताप येणे, जखमेतून पाणी येणे, हाड कुरकुरल्यासारखे वाटणे, दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

चालणे हे औषधच आहे. पहिल्या दिवशी घरातल्या घरात पाच मिनिटे, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडी वाढ, असे करीत दीड महिन्यात अर्ध्या तासावर यावे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग जास्त झाला असे समजावे. मात्र हा वाळवंटी प्रदेश आहे. जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर चालण्याचा अट्टहास करू नये. मोठ्या मॉलमधील गार फरशीवर सकाळी चालणारी कितीतरी ज्येष्ठ मंडळी आपण पाहता, त्यांत सामील व्हावे. हृदयविकारानंतरचा मार्गदर्शित व्यायाम, ज्याला कार्डिॲक रिहॅबिलिटेशन म्हणतात, त्याने पुन्हा इस्पितळात जाण्याचे आणि हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. डॉक्टरांनी सुचविले नाही, तर आपण विचारावे.

आहाराविषयी आमची एकच सूचना आहे. रुग्णाचे ताट वेगळे करू नका. ज्या घरात सर्व जण तर्रीदार रस्सा खातात आणि एक जण फिका वरण-भात, त्या घरात तो एक जण महिनाभरात चोरून खाऊ लागतो. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. पापड, लोणचे, ठेचा, सुकट, सुके बोंबील यांतच ते संपून जाते. तेल आमच्या घरी माणशी महिन्याला अर्धा लिटर ठरले आणि डबा भिंतीवर खूण करून ठेवला. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताजी मासळी, हे आपल्या पूर्वजांचे अन्न येथील दुकानांतही मिळते. वडील वयाच्या ५५ पूर्वी वा आई ६५ पूर्वी हृदयविकाराने आजारी झाली असेल, तर मुलांनाही धोका अधिक असतो. तेव्हा ते ताट मुलांसाठीही औषधच आहे.

औषधे स्वतःच्या मनाने कधी थांबवू नयेत. स्टेंट बसविलेल्या रुग्णास रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे सामान्यतः वर्षभर घ्यावी लागतात. सुटीत गावी गेल्यावर गोळ्या संपल्या, आता बरे वाटते आहे, म्हणून चार दिवस खंड पडला, तरी स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. गोळ्यांची नावे पत्नीला आणि मोठ्या मुलांना पाठ असावीत.

एक विषय कोणी विचारीत नाही, म्हणून आम्हीच काढतो. दोन जिने न थांबता, धाप न लागता चढता आले की, दांपत्यजीवन पूर्ववत सुरू करण्यास सामान्यतः हरकत नसते. बायपासनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत थांबावे. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवण्याची नायट्रेटची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी पौरुषवर्धक गोळ्या मुळीच घेऊ नयेत, रक्तदाब एकदम कोसळतो. हे डॉक्टरांना विचारण्यात लाज नाही. न विचारता वर्षानुवर्षे दोन खाटांवर दोन भीती झोपतात, त्यात अधिक नुकसान आहे.

मनाविषयी असे की, हृदयविकारानंतर साधारण पाचांतील एका रुग्णास खरे नैराश्य येते. चिडचिड, झोप उडणे, कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो स्वभाव नव्हे, तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मुलांपासून आजार लपवू नका. त्यांना वयानुरूप खरे सांगा आणि एखादे लहानसे काम सोपवा. आमच्या मुलाकडे संध्याकाळच्या फेरीची जबाबदारी आली, तेव्हापासून त्याचे मित्र पुन्हा घरी येऊ लागले.

आता शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीविषयी. त्या सहा महिन्यांत आम्ही पतींचा रक्तदाब कितीदा मोजला असेल याची गणती नाही. स्वतःचा एकदाही मोजला नाही. मोजला तेव्हा तो औषध सुरू करण्याइतका वाढलेला होता. आपण रमाईला त्यागमूर्ती म्हणतो आणि ते यथार्थ आहे. चार अपत्यांचे मृत्यू त्या माउलीने पाहिले, बाबासाहेब विलायतेत असताना दारिद्र्याशी एकटीने झुंज दिली आणि २७ मे १९३५ रोजी, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी, तिची प्राणज्योत मालवली. जयंतीच्या व्यासपीठावरून आपण तिच्या त्यागाचे गुणगान करतो, तेव्हा डॉक्टर म्हणून आमच्या मनात येते की, जिने सर्वांना जपले तिला जपण्यासाठी आपण समाज म्हणून कोठे होतो? भगिनींनो, रमाईचे खरे स्मरण करावयाचे असेल, तर तिच्यासारखे झिजू नका. स्वतःचीही तपासणी करून घ्या, रात्रीची एक पाळी दुसऱ्याकडे द्या, आणि बंधूंनो, ती पाळी मागण्यापूर्वीच उचला. पत्नी आजारी पडल्यास ही सर्व कर्तव्ये तितक्याच काटेकोरपणे आपली आहेत.

दुसरे उदाहरण माईसाहेबांचे. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांशी विवाह झाला, तेव्हा त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने व इतर व्याधींनी पोखरलेले होते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपण अजून जिवंत आहोत याचे श्रेय बाबासाहेबांनी पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. मूळ ग्रंथात ती छापली गेली नाही. पुढे माईसाहेबांना किती संशय सहन करावा लागला, हे आपण जाणतो. त्या वादात आम्हाला शिरावयाचे नाही. इतकेच सांगतो की, रुग्ण दगावला वा पुन्हा आजारी झाला की, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीकडे बोट दाखविण्याची आपली खोड जुनी आहे. हिच्या हातचे तेलकट, हिने लक्ष दिले नाही, ही वाक्ये आम्हीही ऐकली आहेत. समाचाराला येणाऱ्यांनी ती घरीच ठेवून यावे. पंधरा मिनिटे बसावे, याच आजाराने गेलेल्या कोणाची गोष्ट सांगू नये, आणि डब्यात काय हवे ते आधी विचारावे.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आम्ही पत्नी म्हणून बोललो, पण या सभागृहाच्या मागच्या रांगेत बसलेल्या कितीतरी बांधवांच्या पत्नी येथे नाहीत. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे कुटुंब आणण्यासाठी महिना ४,००० दिरहम, अथवा निवासासह ३,००० दिरहम पगार असावा लागतो. ज्यांचा पगार त्याहून कमी आहे, ते कामगार निवासातील एका खोलीत सहा-आठ जणांसह राहतात. त्यांच्यापैकी कोणाला झटका आला, तर इस्पितळातून सुटल्यावर ते कोठे जातात? वरच्या खाटेवर. त्यांच्या मिठाचे प्रमाण कोण पाहणार, उशी कोण आणून देणार, आणि रात्री पडणारा तो प्रश्न ते कोणाला विचारणार? ती नकुलमाता तर यवतमाळला वा बीडला आहे, आणि फोनवर तिला सांगितले आहे की, सर्व ठीक आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. नंतर त्यांनी भिक्खूंना जे सांगितले त्याचा आशय असा की, येथे तुमची आई नाही, वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आणि जो माझी सेवा करू इच्छितो, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या ग्रंथात आवर्जून घेतला आहे. घरदार सोडून दूर देशी आलेल्या आपल्यासारख्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. प्रत्येक अमिरातीत एक शुश्रूषा-पाळीपत्रक तयार करावे. एकटा राहणारा कोणी बांधव आजारी झाला, तर पहिले सहा आठवडे त्याच्यासाठी कोणाच्या घरी खाट, कोणाकडून डबा, तपासणीला कोणाची गाडी, हे आधीच ठरलेले असावे. आमच्या आजारपणात वर्ध्याकडील एका टॅक्सीचालक बांधवाने सहा आठवडे आमच्या मुलाला रोज सकाळी शाळेच्या बसपर्यंत पोहोचविले होते. त्यांचे ते ऋण आम्ही अशाच मार्गाने फेडू शकतो. दुसरे, प्रत्येक घरात एक वही असावी, ज्यात व्हिसा, विमा, खाती, कर्ज, औषधे यांची नोंद पती-पत्नी दोघांच्या हस्ताक्षरात असेल. तिसरे, आजच्या भोजनानंतर आम्ही थांबलेल्या हृदयास छातीवर दाब देऊन चालना देण्याचे प्रात्यक्षिक दाखविणार आहोत. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. प्रत्येकाने, विशेषतः दहावीपुढील मुलामुलींनी, ते हातांनी करून पाहिल्याशिवाय घरी जाऊ नये.

ती वही आमच्या घरी अद्याप आहे. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही तिच्यातील आकडे बदलतो. कन्या आता मिळवती झाली आहे आणि गेल्या वर्षी तिने एक ओळ स्वतःच्या नावाने वाढविली. आमच्या पतींनी बेरीज तपासली. चूक नव्हती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!